वादीतर्फे साक्षीदार क्रमांक चार

प्रथम तारखा. महिने आणि आकडे येथे देत नाही. ज्याला हवे असतील त्याने अकोल्याच्या दिवाणी न्यायालयात जाऊन दाव्याचा रोजनामा काढून पाहावा. मी सणांच्या खुणांनी सांगतो, कारण माझ्या लक्षात त्या तशाच राहिल्या आहेत.

पोळ्याची कर. माझ्या वकीलपत्रावर लेखी हरकत दाखल झाली. जबाबदार: कारखान्याचे वकील, आणि त्यांचा अर्ज वाचून, मला एका शब्दाने न विचारता, ‘सर, हरकत कायद्याला धरून आहे’ असे म्हणणारी माझी ज्युनिअर.

दिवाळीची सुटी संपून कोर्ट उघडले तो दिवस. मी दाव्यातून बाहेर पडल्याची ना-हरकत लिहून दिली. जबाबदार: मी.

त्यानंतर दोन वर्षांनी, माघातला एक मंगळवार. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. जबाबदार: जिने मला चौदावा प्रश्न विचारला नाही ती.

गेल्या महिन्यातला शेवटचा रविवार. अमरावतीला तिचा सत्कार. जबाबदार: हार आणणारे झाडून सारे.

आता हकीकत.

खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेच्या काठचा तो मुलूख, जिथे जमिनीखालचे पाणी मुळातच खारे असते. मूर्तिजापूरच्या अलीकडे, या पट्ट्याच्या कडेला एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला रंग-रसायनांचा एक कारखाना आला आणि त्याचे सांडपाणी नाल्याने गावाशेजारून वाहू लागले. नाल्याच्या खालच्या विहिरींचे पाणी पिवळट झाले, साबणाला फेस येईना. लोक माझ्याकडे आले. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांत बाहेरून पुष्कळ माणसे येत. कॅमेरे येत, समित्या येत, कोणाच्या घरी काय घडले ते टिपून घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. एकाही समितीने विहिरीत वाकून पाहिले नाही. मी पाहिले. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहितो.

कारखान्याची कैफियत काय येणार, हे दावा दाखल करण्याच्या तीन वर्षे आधीच मला ठाऊक होते. ते म्हणणार, हा भागच खारा, आमचा काय दोष? म्हणून मी नाल्याच्या वरच्या तीन आणि खालच्या चार अशा सात विहिरी निवडल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकोल्याहून पॅसेंजरने मूर्तिजापूरला उतरायचे, तिथून भाड्याच्या सायकलने गाव गाठायचे, दोरी सोडून पाण्याची खोली मोजायची, आणि शेतकी महाविद्यालयातल्या एका स्नेह्याकडून मागून आणलेल्या पेनाएवढ्या यंत्राने पाण्यातले क्षार मोजायचे. हे तीन पावसाळे चालले. वहीच्या उजव्या रकान्यात हवामान लिहीत असे. पाऊस कधी लागला, किती दिवस ओढला, गार पडली का, बोंडे फुटताना आभाळ आले का. हा रकाना मी कोणी सांगितले म्हणून ठेवला नव्हता. पुढे त्याचे काय झाले ते सांगेन.

माझा कोणावर विश्वास नव्हता. तलाठ्यावर नाही, प्रयोगशाळेवर नाही, पक्षकारांवर तर नाहीच. म्हणून प्रत्येक पानाखाली मी माझी पूर्ण सही करी, सहीखाली सनदेचा क्रमांक लिही आणि त्यावर ऑफिसचा गोल शिक्का मारी. एकही पान कोणाला बदलता येऊ नये, हा हेतू.

वकिलाला हे सांगायला नको, पण सर्वसाधारण वाचकासाठी सांगतो: जो माणूस एखाद्या दाव्यात महत्त्वाचा साक्षीदार आहे, त्याला त्याच दाव्यात वकील म्हणून उभे राहता येत नाही. हा नियम मी स्वतः दुसऱ्यांवर दोनदा वापरला होता. आणि माझ्याच दाव्यातली मुख्य वही मी पानोपानी स्वतःच्या शिक्क्याने भरून ठेवली होती. वही कागदांच्या यादीसोबत दाखल केली आणि पुढच्याच तारखेला हरकत आली.

बाररूममध्ये चहा पिता पिता एक जुना मित्र म्हणाला, “वकीलसाहेब, आजवर दुसऱ्यायले समन्स काढत होते, आता सोतालेच काढलं बाप्पा.”

सगळे हसले. माझी ज्युनिअर हसली नाही. ती खाली मान घालून अर्जाची नक्कल वाचत होती. हसली असती तर मला सोपे गेले असते.

ती चांदूर बाजारच्या एका शिक्षकाची मुलगी. सनद घेऊन थेट माझ्याकडे आली, तेव्हा तिला अर्जाचा मथळाही धड लिहिता येत नव्हता. वादपत्रातला परिच्छेद कुठे तोडावा, न्यायाधीश लिहून घेत असताना कुठे थांबावे, विरोधी साक्षीदाराला कोणता प्रश्न कधीही विचारू नये, हे सारे मी तिला शिकवले. दावा सोडताना तो तिच्याच हाती दिला, कारण दुसऱ्या कोणाला विहिरींची नावेही ठाऊक नव्हती. ना-हरकतीवर सही करताना माझे पेन कागदावर अडले. तिने आपले पुढे केले. ते पेन तिने परत मागितले नाही आणि मीही कधी दिले नाही.

मला मत्सर वाटतो, हे मी साठी ओलांडल्यावर कबूल केले. तोवर मी त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणत असे. ती युक्तिवादाला उभी राहिली की न्यायाधीश मान वर करून ऐकत. मी उभा राहिलो की ते फाईल चाळत. ती आवाज चढवीत नसे. मी तिला आवाज चढवायला शिकवले होते आणि तेवढी एकच गोष्ट तिने घेतली नाही. मी मागच्या बाकावर बसून तिच्या युक्तिवादातली माझी वाक्ये वहीत टिपून ठेवत असे. पुढेपुढे अशी वाक्ये कमी होत गेली, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला.

आता तो मंगळवार. तेव्हा सरतपासणी, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाने साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, तोंडीच होत असे. वही शाबीत करायची तर माझी साक्ष हवी. तिने काय विचारावे, ते मीच टाईप करून दिले होते. एकूण चौदा प्रश्न. शेवटचा असा: ‘या वहीतील सर्व मोजमापे आपण स्वतः जागेवर जाऊन घेतली आहेत काय?’ त्याचे उत्तरही मी ठरवून ठेवले होते. ‘होय. प्रत्येक महिन्याला, न चुकता.’ हे वाक्य निकालपत्रात जसेच्या तसे उतरेल, अशी माझी खात्री होती. दाव्यात माझे म्हणून तेवढेच उरणार होते.

“ही सही कोणाची?”

“माझी.”

“शिक्का?”

“माझ्या ऑफिसचा.”

“वही कायम कोणाच्या ताब्यात होती?”

“माझ्या.”

अशी ती तेराव्या प्रश्नापर्यंत आली. मग हातातल्या कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि न्यायाधीशांना म्हणाली, “आणखी काही विचारायचं नाही.” आणि खाली बसली.

उलटतपासणीत कारखान्याच्या वकिलांनी मला दीड तास सोलून काढले. यंत्र कोणाचे, शास्त्र शिकलात का, कारखान्याशी वैर आहे का, पुढारीपणाची हौस आहे का. पण तो एक प्रश्न त्यांनाही सुचला नाही. पानोपानी शिक्का पाहिल्यावर मोजणारा माणूस कोण, अशी शंका कोणाला येणार?

निकाल आमच्या बाजूने लागला. नाल्यात पाणी सोडायला कायमची मनाई झाली. निकालपत्र मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आणि मला शोधले. ‘वादीतर्फे साक्षीदार क्रमांक चार यांनी निशाणी म्हणून दाखल केलेली वही विश्वासार्ह आहे.’ विश्वासार्ह वही. माणसाबद्दल एक शब्द नाही. वादींच्या विद्वान वकिलांच्या मेहनतीचा उल्लेख मात्र शेवटच्या पानावर स्वतंत्र परिच्छेदात होता.

तिथून ती नागपूरला गेली, मग पुण्याला हरित न्यायाधिकरणासमोर, मग दिल्लीला. अवकाळी, गारपीट, उन्हाच्या लाटा, दुष्काळाचे आराखडे यांवर तिने याचिका केल्या. हवामान बदलाचा खटला म्हणजे काय, हे लोक तिच्याकडून शिकू लागले. तिच्या पहिल्या मोठ्या याचिकेला जोडलेल्या कागदांत माझ्या वहीचा उजवा रकाना होता. पाऊस, गार, आभाळ. मथळा होता: ‘वऱ्हाडातील एका खाजगी नोंदवहीतील उतारे’. मी त्या मथळ्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढून ठेवली आहे. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात काही छापून आले की मी संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिही. सर्व पत्रांच्या प्रती माझ्याकडे आहेत. छापलेले एकही नाही.

आमच्या घरी मात्र तिची कात्रणे जपली जातात. माझी पत्नी ती डब्यात ठेवते. एकदा मी तो डबा फेकायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, “तिचं चांगलं झालं तं तुमच्या पोटात काहून दुखते?”

“माझं श्रेय तिनं घेतलं.”

“घेतलं का तुमी टाकलं? शिक्के मारत बसाले तिनं सांगतलं होतं काय तुमाले?”

मी डबा जागेवर ठेवून दिला. उलटतपासणीत असे प्रश्न मी तहकूब करवून घेत असे. घरात ती सोय नाही.

आता अमरावतीचा रविवार. निमंत्रण आले होते. जायचे नाही असे ठरवून मी गेलो आणि तिसऱ्या रांगेत बसलो. मुलाखत घेणाऱ्याने तिला विचारले, वकिली तुम्हाला कोणी शिकवली? माझे हात आपोआप गुडघ्यांवर आले. आपले नाव निघाले की उठताना माणूस ठेवतो तसे.

ती म्हणाली, “पौष महिन्यातल्या एका चिठ्ठीनं. ती अजून माझ्याकडे आहे. त्यापुढचं मी सांगणार नाही, कारण ते माझं एकटीचं नाही.”

टाळ्या पडल्या. मी बसूनच राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर तीच माझ्याकडे आली, वाकून नमस्कार केला. “सर, तुम्ही आलात. बरं वाटलं.”

“कोणती चिठ्ठी?”

“सर, तुम्हाला माहीत आहे.”

मग कोणीतरी तिला फोटोसाठी ओढून नेले.

मला माहीत होते. आज प्रथमच लिहितो. मोजणीच्या तिसऱ्या वर्षी पौषात मला कावीळ झाली होती. तो महिनाभर मी अंथरुणावरून उठलो नाही. त्या रविवारची मोजमापे मी घेतली नाहीत. ती घेतली गावातल्या एका मुसलमान गृहस्थांनी. कापूस पिंजून गाद्या भरण्याचा त्यांचा धंदा, वर थोडी शेती. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. यंत्र त्यांच्याच कोनाड्यात ठेवलेले असे. कोणी सांगितलेले नसताना ते सातही विहिरी फिरले, आकडे उर्दूत एका कागदावर लिहिले, एसटीने अकोल्याला आले आणि ती चिठ्ठी माझ्या उशाशी ठेवून गेले. बरा झाल्यावर त्यांना घरी बोलावून मी त्यांच्याकडून आकडे वाचून घेतले, माझ्या अक्षरात वहीत उतरवले, खाली सही केली आणि शिक्का मारला. चिठ्ठी वहीतच राहिली. ज्याची मोजणी त्याने कोर्टात येऊन सांगायची असते. माझ्या तोंडून ती ऐकीव गोष्ट. हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. पण वहीत एका पानावर दुसऱ्याचे नाव? छत्तीस पानांत एक पान परक्याचे? मला ते सहन झाले नाही.

दावा संपल्यावर वही कोर्टातून परत मिळाली, तेव्हा तिच्यात चिठ्ठी नव्हती. कारकुनांच्या हातून पडली असेल, असे मी मानले. मानणे सोयीचे होते.

सत्कारानंतर आठवड्याने मी गावी गेलो. चाचा ओसरीवर बसून गादीला टाके घालीत होते. आता नजर कमी झाली आहे, बोटांनी चाचपून टाका घालतात.

“आले का वकीलसाब. कायले, पानी मोजाले? यंत्र तं कधीचं मेलं.”

“चाचा, पौषातली चिठ्ठी आठवते?”

“आठवते म्हंजे? सातही इहिरी मीच फिरलो ना जी. थंडी अशी का दोरी हातात ठरे ना. अन् तुमी तिकडं पिवळे पडून, हळदीच्या नवरदेवावानी.”

“माझी साक्ष झाली त्या दिवशी तुम्ही कोर्टात होता?”

“होतो नं. मांगच्या बाकावर. नवा कुडता घालून. घरवाली म्हने, साक्षीले चालले का निकाह लावाले?” त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. “मले वाटे, आता मलेबी पुकारतीन. पौषाचं कोनी पुसलं तं उठून सांगीन का साहेब, हे माहं हाय. पट्टेवाल्यानं पुकारा केला तो दुसऱ्याच खटल्याचा. मंग चहा पेलो अन् एसटीनं आलो वापस.”

“इतक्या वर्षांत बोलला नाहीत?”

“तुमी कुठं पुसलं? तुमी तिच्यावर रागात, मी अजून तुमच्यावर राग धरून कुठं ठेवू? घरात गाद्या ठेवाले जागा पुरत नाही.”

मी हसलो नाही. ते मात्र बराच वेळ हसले. मग सहज म्हणाले, “ती पुसते. दर ईदले येते, शीरखुर्मा पेते, अन् पुसते, चाचा, सांगू का आता सगळ्यायले? मी म्हनतो, नको बेटी. वकीलसाब जिते हाये तोवर नको.”

म्हणजे हे असे चालले होते. दर ईदला, माझ्या अनुपस्थितीत, या ओसरीवर माझी सुनावणी होत होती आणि दोघे मिळून ती पुढची तारीख देत होते. मी वर्षानुवर्षे जिचा मत्सर केला ती माझ्यावर दया करीत होती. ज्यांचा मत्सर करावा असे मला कधी सुचलेही नाही, त्या चाचांनी ती दया करायला तिला सांगितले होते. माझ्या घरी ती ईदलाच काय, दिवाळीलाही येत नाही. मूर्तिजापूरच्या स्थानकावर पॅसेंजरची वाट पाहताना मला याचा जो राग आला, तो आजवरच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता. मी रिकाम्या बाकावर बसून त्याच वेळी हे लिहायला घेतले. पेन तिचेच होते, हे नंतर लक्षात आले.

आता माझे म्हणणे. अपिलाची मुदत केव्हाच संपली आहे. कारखान्याने सांडपाण्याची वाट बदलून पुष्कळ पावसाळे लोटले. खालच्या विहिरींचे पाणी पुन्हा पिता येते. हे सर्व मी तपासून घेतले आहे. सत्य सांगितल्याने आज कोणाही गावकऱ्याचे नुकसान होत नाही. तेव्हा मी जिवंत आहे, एवढे कारण पुरेसे नाही. ती अडचण मी या लेखाने दूर करतो. पौषाचे पान माझे नाही. ते ज्यांचे आहे त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांच्या अक्षरातला कागद तुझ्या ताब्यात आहे, म्हणून ते वाचण्याचे कर्तव्य तुझे आहे.

तू वही दाखल होण्यापूर्वी तिच्यातला एक कागद काढून घेतलास; तो आत राहिला असता तर कारखान्याच्या वकिलांच्या नजरेस पडला असता. हेतू कोणताही असो, याला आमच्या पेशात काय म्हणतात ते मीच तुला शिकवले आहे. अपराध माझा मोठा, तुझा लहान, हे मला मान्य आहे. पण तुझ्या अपराधाला टाळ्या पडल्या आणि माझ्या अपराधावर तू पांघरूण घातलेस, हे मला मान्य नाही. पांघरूण मी मागितले नव्हते.

म्हणून मागणी अशी. अकोल्यात, वकिलांच्या सभागृहात, दारे उघडी ठेवून सभा बोलवावी. चाचांना पहिल्या बाकावर बसवावे. चिठ्ठी आणावी आणि ज्याला उर्दू येते अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मग मला उभे करून तो चौदावा प्रश्न विचारावा. त्याचे खरे उत्तर मी सर्वांसमोर देईन.

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तू द्यायचे आहेस. खाजगीत नाही, पत्राने नाही, माझ्या पत्नीमार्फत निरोपाने नाही. सभेत, ऐकू जाईल अशा आवाजात. तो प्रश्न विचारला असता तर मी शपथेवर खोटे बोललो असतो, हे त्या मंगळवारी तुला कशावरून ठाऊक होते?